फरशीले तेल पाजलं

या, या, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका! तिकडूनच ऐका... हसून काऊन राह्यले? म्हाताऱ्या माणसानं बाजेवर बसू नये काय? सकाळपासून मी या बाजेवर आहो बाप्पा, चहा बाजेवर, तंबाखू बाजेवर, अन् जरासा सरकलो का आतून आमची बुढी, सीताबाई, वरडते, "पाय खाली ठेवू नका जी!"

तुमाले सांगतो, चूक एकच झाली, घरात फरशी टाकली. आता मातीची भुई काय वाईट होती? पण बुढी सारवता सारवता गुडघे धरून बसे, म्हणलं टाकून देऊ दगड, सुटन बिचारी. तं सुटते कायची! दगड निघाला पेताड! तेलाचा थेंब पडला, पिला. हळद सांडली, पिली. चहा पिला, पानाची पिचकारी पिली... जाऊ द्या, ते मीच थुकलो होतो. सारी फरशी डागाडागाची, अन् इकडे आमच्या पोरीले, सुलोचनाले, पाहाले समुद्रपूरचे पाहुणे येऊन राह्यले! पोराची माय अशी कडक का मागच्या एका घरी म्हणे चुलीमागचा कचरा पाह्यला अन् पोरगी न पाहताच उठली. आता बोला!

म्हणून फरशीले काहीतरी लावा लागते. पण काय? इथंच फसलो. आपल्या वडनेरात ज्याले विचारलं तो मिस्तरी! शेजारचे सदाशिवराव सरकारी बंगल्यावर चौकीदार होते, ते म्हणे, "कवडूजी, मेण लावा, मेण! साहेबाच्या बंगल्यात मेणच लावत. फरशीत तोंड दिसे!" माह्यं तोंड फरशीत पाहून मले करा काय लागते? तरी लावलं एका कोपऱ्यात. साहेबाच्या बंगल्यात पंखा असन, आमच्या इथं वैशाख! दुपारी मेण असं पाघळलं का मांजर बसलं ते उठेचना. उचललं, तं अर्धे केस फरशीवर, अन् बाकीचं मांजर माह्या हातावर नखं मारून पसार!

मंग गेलतो हिंगणघाटले, बंडूजीच्या रंगाच्या दुकानात. तो म्हणे, "मामाजी, बेलतेल न्या. जवसाचं उकळलेलं तेल. दगडाचं पोट भरलं का तो दुसरं काही पीत नाई. पण पातळ लावजा, अन् वरचं लगेच फडक्यानं पुसून घेजा." पुसून घेजा? विकत आणा, लावा, अन् मंग पुसून फेका? मले काय येडा समजला तो? आज सकाळी डबा उघडला, म्हणलं पी लेका, पोटभर पी! सारं ओतलं. बाज मधात होती, तिच्याभोवती लावत लावत शेवटी बाजेवरच चढलो, म्हणलं वाळलं का उतरू. वाळते कायचं! गुळाच्या पाकासारखं चिकट! एक पाय टाकून पाह्यला, तं पाय वर आला अन् चप्पल खालीच. ते पाहा, तिकडे.

तितक्यात बुढी आली. "पाहुणे येऊन राह्यले अन् घर सारवलं नाई? लोकं काय म्हणतीन?" म्हणलं, अवं, दगड आहे तो, दगडाले कोणी सारवते काय? "दगड असो का सोनं असो, सोयरीक जुळवाची तं घर सारवाच लागते!" अन् आणलं घमेलं, बाप्पा, अन् चपाचप पाय उचलत त्या चिकट तेलावर दिलं शेण! भिंतीपासून दारापर्यंत, बाजेच्या चारी बाजूनं! मधात मी, टाक्यातल्या बेंडकासारखा. "पाय खाली ठेवू नका जी! उमटन!"

दुपारी आले पाहुणे. बसले ओसरीत. मी इथूनच राम राम केला, म्हणलं कंबर धरली आहे. पोराची माय आली उंबऱ्यापाशी, वाकली, अन् नखानं खरवडाले लागली! मी डोळे मिटले. आता पोपडा निघते, खालून दगड निघते, अन् बाई उठते... निघेना! पुन्हा खरवडलं, निघेना! तेलानं शेण असं धरलं होतं का नखच मोडलं तिचं.

"बाई बाई बाई! असं सारवण म्या उभ्या जन्मात पाह्यलं नाई. कोणं केलं हे?"

आमच्या बुढीले वाटलं, बाई खेकसून राह्यली. तिनं सरळ बोट केलं माह्याकडे. "यायनं!"

झालं! बाई हासली. म्हणे, "पोरगी पसंत. पण आमच्या घरी सारवलं का आठ दिवसात पोपडे निघतात. लग्नाच्या आधी इवाईबुवानं समुद्रपूरले यावं, अन् आमचंही घर असंच सारवून द्यावं!"

आता सांगा! तिच्या घरी माती! मातीवर हे जमते काय? हो म्हणा, तं आधी तिच्या घरी दगड टाका, मंग तेल ओता, मंग शेण. नाई म्हणा, तं सोयरीक जाते. अन् दाराआडून सुलोचना माह्याच तोंडाकडे पाहून राह्यली. बाप्पा, ते डोळे पाहून कोण नाई म्हणन?

म्हणलं, येतो.

अजून बाजेवरून उतरलो नाई, अन् दुसऱ्याच्या घरची भुई कबूल करून बसलो!