बाटली घरून आणावी

सरकार औषध फुकट देतं, बाटली देत नाही. ती आपण आणायची. सत्त्याऐंशी साली दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोन बाया होत्या.

"रूपीबाई, ही प्लास्टिकनी बाटली कोठून लई उनी?"

"खांडबाऱ्याच्या बाजारातून, भंगारवाल्याकडून. काचेची डोंगर उतरताना फुटते, जसोदाबाई."

"वास येस इले. कपाशीवर फवारतस त्या जहरनी बाटली शे ही."

"राखेनं तीनदा धुतली."

"या बाटलीमातलं औषध कोणी पिधं?"

"थोरल्यानं. परवा गेला तो. ताप लई होता."

"मंग आज?"

"धाकटीला ताप आहे."

"फेक ती, माय."

"मग औषध कशात घेऊ? तुझी देतेस?"

"मन्हीबी एकच शे."

खिडकीतून कंपाउंडर ओरडला, "बाटली नसेल त्यांनी बाजूला व्हा."

"आहे, साहेब. भरा."