हौसाबाईचं बीपी, बसून आन उभं राहून

—तिला काय इचारता प्रार्थनाम्याडम, मला इचारा ना. चक्कर येती का, तर येती. झोप लागती का, तर लागती, लई लागती. मी नवरा हाय तिचा, मला म्हाईत नसंल तर कुनाला? ...बरं बरं, रिसर्च हाय, पेशंटनं सोता सांगायचं — चालू द्या. सांग गं हौसा. ...बघा, तोंड उघडती का? म्हनून मी बोलतो. न्हाईतर मला काय बोलायची आवड हाय व्हय?

तर काय म्हन्ला — पाठ टेकवायची, पाय खाली, मांडी न्हाई घालायची, हात टेबलावर, आन पाच मिनिटं गप. वा! मानसानं बसावं कसं ह्याच्यावर पन रिसर्च, आन त्याच्यासाठी पार नगरवरनं गाडी काढून पुनतांब्याला! ही खुर्ची माझी बरं का. कारखान्यात वजनकाट्यावर हुतो, रिटायर झालो तवा दिली. माझ्याबिगर कोन बसत न्हाई हिच्यात. आन ही बघा कशी बसलीय, कडंला टेकून, आता उठतीय का मग उठतीय — नीट बस की गं! पाठ टेकव! म्याडम येवढ्या लांबनं आल्यात! ...किती? एकशे अडुसष्ट? बघा, मी म्हन्लं नव्हतं? मागल्या येळी तुमी गोळी डबल केली, त्याचा उपेग काय? बसून मोजा तर वर, उभं करून मोजा तर भसकन खाली. परवा गोठ्यात उभी राहिली आन म्हशीच्या पायाशीच पडली. आन आता म्हन्ता, असंच ऱ्हायलं तर तिसरी गोळी! म्हंजे आता काय, पडूनच ऱ्हायचं का तिनं?

माझ्याकडनं कसूर न्हाई हां, लिहून घ्या. मिठाची बरनी माझ्या कपाटात, किल्ली करदोऱ्याला. गोळी मी हातावर देतो, जीब वर करून बघतो, गिळली का न्हाई. जेवताना समोर बसतो — हे खा, ते खाऊ नको. टेन्शन घेऊ नको, टेन्शन घेऊ नको म्हनून घसा बसला माझा वरडून वरडून! येवढं कोन करतं सांगा? आन गुन कुनाचा येतो? नेवाशाच्या पान्याचा! व्हय, हिचा भाऊ अंगद हाय तिथं, त्याच्याकडं आठ दिवस गेल्ती, तर बीपी एकदम नॉर्मल. मी म्हन्लं प्रवरेचं पानी असनार. मंग टेम्पो करून ड्रम भरून आनलं म्याडम, पाजलं. काय उपेग न्हाई. तुमी मोजायला मशीन देऊन गेल्ता, त्याच्यात पन तेच — सकाळी मी डेरीवर दूध घालाया गेलो की कमी, घरी आलो की जास्त. सकाळची हवा चांगली असती, दुसरं काय? ...हसताय कशाला?

मशीनचं मला शिकवू नका. उभी हयात काट्यावर गेली. उसाची ट्रॉली आली की पयलं डायवरला खाली उतरवायचो मी, त्याचं वजन उसात कशाला? ...काय? तसंच करा म्हन्ता? कोन डायवर?

...मी? मी भाईर जाऊ? माझ्याच घरातनं? वा म्याडम, भारी शिकलाय. मी काय तिच्या मांडीवर बसलोय का? ...न्हाई, जातो की. जातो. पन एक सांगतो — मला भ्या वाटतं. माझी आई अशीच गेली, सकाळी चांगली हुती, दुपारी एक अंग लुळं. ही गेली तर मी काय करू? चहाची साखर कुठल्या डब्यात ऱ्हाती, ते पन ठावं न्हाई मला. म्हनून बोलतो. तिला वाटतं खेकसतो. ...हां, जातो. दार वढून घेतो.

झालं का? ...आजून न्हाई? लई येळ लावला... हसनं कुनाचं येतंय? ओ म्याडम! बोलू नको म्हनं आन हसलं तर चालतंय व्हय! पाठ टेकव गं! ...किती? एकशे बत्तीस? हॅट्! बिघडलं तुमचं मशीन. परत मोजा. थांबा, मी आलोच आत, बघतो —

आं? कोन बोललं? म्याडम, तुमी?

...हौसा? तू म्हन्लीस?

...बरं. न्हाई येत.