आवाजापुढचं वजा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. माणसानं निर्मळ व्हावं, नको ते टाकून द्यावं — सगळेच सांगतात. मीही सांगतो, दक्षिणा घेऊन सांगतो! पण टाकायचं ते नेमकं काय? आणि नाकावरची माशी हाकलताना नाकच उतरलं, तर त्याला वैराग्य म्हणायचं की वेंधळेपणा? हां! डोकी हलू देत. खांबाला टेकलेल्यांची सुद्धा — झोपेनं नव्हे!

तर कुरुंदवाडात वामनतात्या निमकर नावाचे गृहस्थ. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. उसाच्या रसातला मळ काढायचा, हेच काम. निवृत्त झाले — पण खोड जाते का? कारखान्यातला मळ संपला, म्हणून शैलाकाकूंच्या आमटीत शोधायला लागले! 'यात हिंग कशाला? कढीलिंब कशाला?' काकू म्हणाल्या, "अहो, मग नुसतं पाणीच प्या की!"

अशात भाच्यानं आपला जुना कॉम्प्युटर तात्यांकडे आणून टाकला. इतका जुना, की सुरू केला की आधी कण्हायचा! दुसऱ्या कुणी भंगारात दिला असता. पण तात्यांना कुठूनसा शोध लागला — लिनक्स म्हणून कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटची प्रणाली असते, तिच्यात एक कडक सोवळ्याचा पंथ आहे. तिथं तयार काही घ्यायचंच नाही! इतर लोक काय करतात? पिठाची पिशवी आणतात, पोळ्या लाटतात, मोकळे. या पंथात प्रत्येक प्रोग्रॅमचं मूळ लिखाण गहू आणावा तसं आणायचं, आणि आपल्याच यंत्रावर दळायचं. प्रत्येक गोष्ट! आणि सगळ्यात गोड भाग ऐका — दळण्याआधी प्रत्येक गोष्टीपुढे अधिक किंवा वजा लिहायचं. अधिक लिहिलं तर ती दळणात येणार. वजा लिहिलं — बाहेर!

झालं! तात्यांना स्वर्ग सापडला. छपाई? वजा! खेळ? वजा! नाचरी चित्रं? वजा! आवाज? तात्या म्हणाले, "यंत्रानं काम करावं. बडबड कशाला?" — वजा!

हसू नका, थांबा. इथंच मेख आहे.

आता काकूंचं ऐका. लेक मृणाल कॅनडात. तिला मुलगा झाला. काकूंचे पाय अधू, जाणं जमलं नाही. त्यांची एकच इच्छा — बारसं डोळ्यांनी बघायचं, आणि पाळणा आपण म्हणायचा. त्यांच्या आईनं मृणालच्या बारशाला म्हटलेला, तोच. बाकी काही नको! शेजारीण म्हणाली, "माझ्या मोबाईलवर बघा की." तात्या कडाडले, "त्यात काय काय भरलंय ते आपल्याला माहीत आहे का? शैला, नातू बघशील तो माझ्या यंत्रावर. शब्द आहे माझा!" जावयानं पाठवलेला कॅमेरा त्यांनी त्याला जोडला सुद्धा. काकू भाबड्या. नवऱ्याच्या शब्दावर विसंबल्या.

आणि दळण सुरू झालं! पडद्यावर अक्षरं धावताहेत, डबा घरघरतोय, तात्या समोर मांडी घालून बसलेत. काकूंनी मिक्सर लावला — "बंद कर! वीज दबेल!" मग काकू पाट्यावर चटणी वाटायला बसल्या. इकडे हे दळताहेत, तिकडे त्या वाटताहेत — आणि जेवण कुणाचं तयार झालं? काकूंचं! डब्याच्या मागून गरम वारा येई, तिथं त्यांनी कुरडया वाळत घातल्या. यंत्राचा तेवढाच उपयोग!

एकदा दळण शेवटाला आलं — आणि वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून! काकू रोज विचारायच्या, "बारशाआधी होईल ना हो?" तात्या म्हणायचे, "होतंय, होतंय."

पण माणूस हट्टी, आणि हट्टाला फळ येतं. बारशाच्या सकाळी — तिकडे संध्याकाळ — शेवटचं दळण उतरलं. काकू पैठणी नेसून बसल्या. तात्यांनी कळ दाबली आणि पडद्यावर उघडली मृणाल! पाळणा! पाळण्यात गुलाबी मूठ! काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले. तात्यांची छाती फुगली. "बघ! एक कण परका नाही यात!"

आणि... शांतता.

मृणालचे ओठ हलताहेत. आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकल्या — 'कुर्रर्र' असणार ते — बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, सगळ्या खळखळून हसल्या, आणि इकडे कुरुंदवाडात एक अक्षर नाही! मुक्या बारशाला कुणी गेलंय का कधी?

"अहो, नाव काय ठेवलं? ऐकू का येत नाही?"

तात्यांनी पांढऱ्या तोंडानं यादी आठवली. छपाई, खेळ, नाचरी चित्रं... "शैला... आवाजापुढे मी वजा लिहिलंय. आत्ता काढतो! पुन्हा दळतो! फक्त उद्या सकाळपर्यंत —"

"बारसं उद्यापर्यंत थांबतं होय?" काकू ओरडल्या नाहीत, मंडळी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पडद्याकडे वळल्या आणि पाळणा म्हणू लागल्या. तिकडे पोचत नाही, ठाऊक आहे. तरी म्हणताहेत! आणि मृणालनं आईचे ओठ पाहिले. कडवं ओळखलं. कसं नाही ओळखणार, लहानपणापासून ऐकलेलं! तिचेही ओठ हलू लागले. दोघी एकच पाळणा म्हणताहेत, दोघींना एकमेकींचा सूर नाही, आणि मधे कोण बसलंय? शुद्धतेचा पुतळा! काकूंचा सूर ऐकू येत होता तो एकट्या तात्यांना — ते मान खाली घालून रडत होते.

पाळणा संपला. मृणालच्या लक्षात आलं, काहीतरी बिघडलंय. तिनं तांदळाचं ताट उचललं, ज्यात अंगठीनं नाव लिहितात ना, ते. जपून कॅमेऱ्यासमोर धरलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी, त्यांना वाचता येईना. "अहो, तुम्ही वाचा."

तात्यांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय ठेवलंय हो नाव?"

"श्रवण," तात्या म्हणाले.

श्रवण! पेटीवाले, थांबा जरा, हे उतरू दे. नऊ भक्ती सांगितल्यात — पहिली कुठली? श्रवण! आणि या शहाण्यानं पहिलीपुढेच वजा लिहून आठ दळत ठेवल्या!

काकूंनी शेजारणीचा मोबाईल मागून आणला, त्यावर मृणालला लावलं, आणि तात्यांच्या देखत, तात्यांच्याच हातात दिला. म्हणाल्या, "धरा नीट." तात्यांनी समईसारखा दोन्ही हातांनी धरला, आणि काकूंनी पाळणा पहिल्या कडव्यापासून पुन्हा म्हटला.

आता मंडळी, तुम्ही हसलात. तात्या येडा! बरोबर. पण घरी गेल्यावर तुमची यादी काढा. सून काही सांगते — वजा! म्हातारा बाप तीच गोष्ट पुन्हा सांगतो — वजा! बायको — अहो, पुढच्या रांगेत कोण दचकलं? आणि वर म्हणायचं, आमचं घर कसं शांत! शांत नाही, बहिरं आहे ते.

नको ते जरूर टाका. फक्त टाकण्याआधी घरात विचारा, कुणाचा पाळणा त्यातून यायचा आहे का.

चला, हात जोडा, कान उघडे ठेवा, आणि पहिल्या भक्तीचा जयजयकार अशा आवाजात करा, की कुरुंदवाडात तात्यांना ऐकू जावा!