नर्सनं विचारलं होतं

(तिगाव स्टेशन, १९८८. नागपूरहून आलेली पॅसेंजर आत्ताच पुढं गेली. बाकावर दोघी बहिणी.)

गुलाब : बस म्हनलं ना, बाई. घर काई पळून नाई चाललं.

पंचफुला : बसली ना... थांब. दम घेऊ दे.

गुलाब : डब्यातून उतरून पंधरा पावलंबी नाई झाले. ओठ पाह्य कसे निळे पडले.

पंचफुला : माहे ओठ मले कसे दिसन? तू सांग, नागपूरचा डॉक्टर काय म्हने? मले छातीचा फोटो काढाले धाडलं अन् तुलेच बसवून घेतलं. गाडीत विचारलं तं खिडकीकडे तोंड करून बसली.

गुलाब : गर्दी होती.

पंचफुला : आता कुत्रंबी नाई इथं.

गुलाब : दमा नाई म्हने. फुफ्फुसातल्या रक्ताच्या नळ्या बारीक होऊन राहिल्या, कडक होऊन राहिल्या. रक्त पुढं ढकलता ढकलता काळीज थकून राहिलं, याले दवा नाई म्हने. पोर होऊ द्याचं नाई, बाळंतपनात तू वाचनार नाई.

पंचफुला : पोर नको हे तं पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं मागच्या सालीच सांगतलं, दमा समजून. म्हनून तं गोळ्या खातो, ह्याइच्या चोरून. तांदळाच्या डब्यात लपवतो पाकीट.

गुलाब : तेच.

पंचफुला : काय तेच?

गुलाब : त्यानं विचारलं, पोर होऊ नाई म्हनून काय करता? म्या मोठ्या ऐटीत सांगतलं, आठ महिन्यापासून म्याच आनून देल्या गोळ्या, सौसरहून. त्यानं पेनच खाली ठेवला.

पंचफुला : मंग?

गुलाब : त्या गोळ्यात बायाच्या अंगातला रस रायते, हार्मोन. अंगात बारीक बारीक पेशी रायते, तिच्या पार गाभ्यात त्याची बसाची जागा रायते म्हने. तिथं बसला का पेशीले हुकूम देते, वाढ, नको वाढू.

पंचफुला : सातवीतून पळून आली, अन् मास्तरीनसारखी बोलून राहिली.

गुलाब : हासू नको. बाकीच्या बायाइले त्या गोळ्याचं काई नाई. पन तुह्या नळ्या पयलेच बिघडेल हाय. हा रस त्याइले अजून बिघडवत असन म्हने. पक्कं कोनालेच मालूम नाई, शोधून राहिले. पन आजपासून बंद.

पंचफुला : दिवाळीले, गोळ्या सुरू केल्या तवा, मी विहिरीचं पानी भरत होती, गुलाब. डोक्यावर दोन गुंड.

गुलाब : मालूम हाय.

पंचफुला : गोळ्या देतानी सौसरच्या नर्सबाईनं नाई सांगतलं?

गुलाब : तिनं विचारलं होतं. कागदावर पाहू पाहू विचारे. कावीळ हाय का, पाय सुजते का, दम लागते का. म्या सगळ्याले नाई म्हनलं.

पंचफुला : काहून?

गुलाब : म्या सांगतलं होतं, शेजारच्या वहिनीले पायजे. दम लागते म्हनलं असतं तं तिलेच घेऊन ये म्हनली असती. तू सौसरच्या दवाखान्यात दिसली का मोहगावात तुह्या सासरी बोभाटा. सून बिमार हाय, पोर होत नाई. मले वाटलं, म्या लय हुशारी केली.

पंचफुला : डोळे पूस. लोक येऊन राहिले.

गुलाब : येऊ दे. परवा देवीदास भाऊजी तुले न्याले येतीन. गोळी बंद, अन् तू तिथं. मंग काय? मीच जातो मोहगावले, तोंडावर सांगतो, नाई धाडत आमी.

पंचफुला : तू काई बोलू नको. तू बोलली का भांडन होते. मी सांगतो ह्याइले. पोर होनार नाई, म्हनून मी येत नाई.

गुलाब : ते दुसरी करतीन.

पंचफुला : करू दे.

गुलाब : बाई...

पंचफुला : आयक. घरी गेली का मायले नळ्याचं सांग. बाबालेबी सांग. गोळ्या तू आनल्या, हे नको सांगू. म्याच आनल्या म्हन.

गुलाब : काहून? म्या आनल्या तं म्या आनल्या. आपल्या अंगावर काहून घेतं?

पंचफुला : मले कोन किती दिवस बोलन? तुले मायबाबाच्या घरात लय दिवस रायचं हाय.