उतरण्याचा ठरलेला मार्ग

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको नंबराची वाट पाहत होते.

"लेकीने होणारा नवरा पहिल्यांदा घरी आणला, आणि तुम्ही कॉम्प्युटरवर विमान उडवत बसलात."

"उतरवत होतो."

"मग उतरवून टाकायचं पटकन."

"असं कुठूनही घुसता येत नाही गं. मार्ग ठरलेला असतो. टप्प्याटप्प्याने उंची आणि वेग कमी करत यावं लागतं. त्यात ऑनलाइन बसलेल्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरने घिरट्या घालायला लावल्या."

"त्याचं ऐकलंत. मी दारातून हाका मारत होते, त्याचं काय?"

"तू त्या फ्रिक्वेन्सीवर नव्हतीस."

"तासभर बसून गेला बिचारा."

"रागावला?"

"छे. जाताना विचारत होता, बाबा कुठल्या मार्गाने उतरतायत."

"मुलगा चांगला आहे."

"लेकीला म्हटलं, अजून विचार कर."