गाळ की मळई

नोंदणी कार्यालयात माझ्या शेजारच्या बाकावर एक आत्या आणि तिचा भाचा नंबराची वाट पाहत बसले होते.

“आत्या, नंबर आला की सही कर, झालं.”

“आधी वाच.”

“‘माझ्या नदीकाठच्या जमिनीवरचा गाळ उचलण्यास माझी हरकत नाही.’ एवढंच आहे.”

“गाळ म्हणजे काय रे?”

“आता तुला गाळ माहीत नाही?”

“मला माहीत आहे. तुला काय माहीत आहे, ते विचारतेय.”

“गाळणे, त्यावरून गाळ. पाणी गाळलं की उरतो तो. कचराच म्हण ना.”

“नदीनं गाळून माझ्या शेतात आणून ठेवलं, तो कचरा? त्याला आपण मळई म्हणतो. नुसतं बी फेकलं तरी उगवतं तिच्यात. तुझा बाप त्यावरच पोसला.”

“शब्दात काय आहे, आत्या?”

“काही नसेल, तर मळई लिही.”

“कागद छापील आहे गं.”

“किती खोल उचलणार?”

“वरवरचा.”

“आकडा सांग.”

“सहा फूट.”

“विहीर खणली तेव्हा मी काठावर उभी होते. सहा फुटांवर खडक लागला होता. म्हणजे शेत नेणार आणि खडक मला ठेवणार?”

“तू ना, उगाच संशय घेतेस.”

“बरं, कागद उलट. मागं काय लिहिलंय?”

“मागं काही नाही.”

“मग असा छातीशी का धरलायस?”

तेवढ्यात खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला. भाचा लगबगीनं उठला. आत्या जागची हलली नाही.

“पुढच्यांना घ्या हो,” तिनं तिथूनच सांगितलं, “आमचं अजून वाचायचं राहिलंय.”