रविवारी बरं वाटायचं

जिवली : लांब बसा मॅडम, त्या खाटेवर. माझ्याजवळ कोन बसत नाय आता.

तेजल : मी इथंच बसते, ओट्यावर. जिवलीताई, तुम्हाला टीबी नाही.

जिवली : थुंकीत काय निघालं नाय, ते डॉक्टर पन बोलले. पन दम लागतो, वाळले मी. पाड्यावर सगळ्यांनी टीबीच धरलाय. कंपनीनं पन तेच बोलून घरी बसवलं. तुमी कदी डॉक्टर झाल्या?

तेजल : डॉक्टर नाही मी. पण तुम्ही पॅकिंगला जी पावडर भरत होतात, ती मी बनवलीय.

जिवली : कपड्याच्या साबनात टाकतात ती?

तेजल : तीच. ते एक प्रथिन असतं, डाग खाणारं. मोठ्या टाक्यांमध्ये जंतूंकडून तयार करून घेतो आम्ही. आधीचं गरम पाण्यात मोडायचं. मी त्याच्या साखळीतल्या दोन कड्या बदलल्या. चार वर्षं गेली त्यात. आता ते गरम पाण्यातही टिकतं.

जिवली : चांगलं झालं की मंग.

तेजल : कपड्यांसाठी. पण त्याची धूळ रोज श्वासातून आत गेली, की काही जणांच्या शरीराला ती सोसत नाही. छाती आवळते. म्हणून दाण्यांवर मेणासारखा थर चढवतात. मग धूळ उडत नाही.

जिवली : आमच्या हॉलमधी तर उडायची. घरी जाईपर्यंत भुवया पांढऱ्या.

तेजल : थर चढवायचं मशीन आलंच नव्हतं. तोवर पॅकिंग सुरू करायला हरकत नाही, अशा कागदावर माझी सही आहे. आठवड्याचाच प्रश्न आहे, असं वरचे साहेब म्हणाले. गिऱ्हाइकाला माल जायचा होता. माझं पहिलंच प्रथिन होतं ते. मी सही केली.

जिवली : आन मशीन?

तेजल : अजून आलेलं नाही.

जिवली : आमी फडकी बांधायचो तोंडाला.

तेजल : फडक्यानं ती धूळ थांबत नाही. तेही मला माहीत होतं.

जिवली : मी एकदा बोलले होते तुमाला. कँटीनच्या नळावर.

तेजल : आठवतंय. म्हणालात, रविवारी बरं वाटतं, सोमवारी हॉलमध्ये पाय ठेवला की परत दम लागतो.

जिवली : आन तुमी काय बोलल्या?

तेजल : रविवारी आराम मिळतो ना, म्हणून.

जिवली : मला पटलं पन ते. शिकलेली बाई बोलते म्हनून.

तेजल : तुम्ही बोललात तेव्हाच मला कळलं होतं. आमच्या पुस्तकात अगदी असंच लिहिलेलं असतं. सुट्टीत बरं, कामावर त्रास. तरी मी तसं म्हणाले आणि बाटली भरून निघून गेले.

जिवली : मंग आज कशाला आल्या?

तेजल : आमच्या लॅबमधल्या प्रफुल्लसरांना दम लागायला लागला. रक्त मुंबईला तपासलं, तर याच प्रथिनाची ॲलर्जी निघाली. दोन दिवसांत त्यांना दुसऱ्या बिल्डिंगमध्ये बसवलं.

जिवली : मला गेटवरनं परत धाडलं.

तेजल : हो.

जिवली : माझ्या जागी आता सपना हाय. माझ्या नवऱ्याची, झिपरूची बहीन. मीच चिकटवली तिला तिथं.

तेजल : हे मला ठाऊक नव्हतं.

जिवली : हातात काय हाय?

तेजल : फॅक्टरी इन्स्पेक्टरला अर्ज. माझ्या सहीसकट सगळं लिहिलंय. उद्या पालघरला नेऊन देणार. ही प्रत तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ते छातीची तपासणी करतील, तोंडात ओढायचा पंप देतील.

जिवली : बरी होईन?

तेजल : त्या पावडरीपासून लांब राहिलात तर खूप कमी होईल. पूर्ण जाईल असं नाही सांगत मी.

जिवली : तुमची नोकरी जाईल.

तेजल : जाईल बहुतेक.

जिवली : हॉल बंद झाला तर आमच्या पाड्यावरच्या सहा बायांची पन जाईल. त्या तुमाला नाय बोलायच्या, मला बोलतील.

तेजल : जिवलीताई, मला माफ...

जिवली : ते नका बोलू. तुमी बोललात का मला पन कायतरी बोलावं लागेल. पानी पिता? थांबा, हा तांब्या माझा वेगळा काढलेला हाय. दुसरा आनते.

तेजल : हाच चालेल.

जिवली : मला नका दाखवू पिऊन. झिपरूला दाखवा. तो बगा आला.

(झिपरू डोक्यावरचा भाताचा भारा अंगणात टाकतो.)

झिपरू : कोन हाय?

जिवली : कंपनीच्या मॅडम. सांगा त्याला.

तेजल : झिपरूभाऊ, यांना टीबी नाही. पॅकिंगच्या पावडरीनं दम लागतोय. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, जवळ बसून नाही, एका ताटात जेवून नाही.

झिपरू : पोरीला पन नाय?

तेजल : नाही.

झिपरू : मी हिच्या कुशीतनं उचलून आजीकडं नेऊन ठेवली तिला. दोन दिवस जेवली नाय पोर.

तेजल : ती पावडर माझी आहे, भाऊ.

झिपरू : तुमाला कदीपासून ठाव हाय हे?

तेजल : पावसाच्या आधीपासून.

झिपरू : आता भात कापून झाला.

तेजल : हो.

झिपरू : सपना सेकंड शिफ्टला निघंल आता. थांबवतो तिला. तुमी बसा इथंच. तिला पन सांगा हे, पयल्यापासून.